भाकर फुगेपर्यंत

माय, आज सुनेनं मला छातीवर हात ठेवायला लावला. ती कुठल्याशा ध्यानाच्या शिबिराला जाऊन आली आहे. दहा दिवस गप्प बसून आली आणि आल्यापासून जी बोलते आहे ती थांबतच नाही. सकाळी मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "आई, डोळे मिटा, हात इथे ठेवा. आत ईश्वर आहे, त्याची जाणीव होऊ द्या." मी म्हटलं, बाई, आत गुडघेदुखीची गोळी आहे, तिचीच जाणीव होऊन राहिली आहे. ती हसली. पुण्याची आहे ती, माझं 'होऊन राहिली' ऐकलं की तिला हसू येतंच. पण हात मी ठेवला, आणि ठेवल्याबरोबर काढला, दूध उतू जाईल म्हणून उठले. गॅसवर दूध नव्हतंच. ती बिचारी विचारत राहिली, आई, काय झालं, माझं काही चुकलं का. काय सांगू तिला? आता ती कामावर गेली आहे आणि मी नातवाची वही घेऊन बसले आहे. तू गेल्याला पन्नास वर्षं होऊन गेली. तुला वाचता येत नव्हतं, आणि मी नोकरीत भाषा धुऊन धुऊन इतकी पांढरी केली आहे, की हे कुणी तुला वाचून दाखवलं असतं तरी तू म्हणाली असतीस, हे कोनाचं वं पत्र? तरी लिहिते.

आपल्या चुलीपासूनच सुरुवात करायला हवी. सोनाळ्याच्या खाली, पूर्णा नदीच्या अंगाला सरकलं की जमिनीत खारं पाणी लागतं, आणि आपलं गाव नेमकं त्यातलं. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही. गोड्या पाण्याची विहीर एकच, गावाबाहेर. तू उजाडता उजाडता दोन घागरी आणायचीस आणि मग चुलीपुढे बसायचीस. पहिली भाकर तव्यावरून काढून निखाऱ्यांच्या आराला उभी केलीस, की तुझा डावा हात छातीवर जायचा. उजव्याला पीठ लागलेलं असायचं, म्हणून डावा. भाकर फुगेपर्यंत तू हलायची नाहीस. धूर डोळ्यांत गेला तरी नाही, बाबांनी ओसरीवरून हाक मारली तरी नाही. भाकर फुगली, की हात खाली आणि पुन्हा कामाला. एकदा मी विचारलं, काय करतं वं? तू म्हणालीस, "कोनी हाये का पाहून राह्यली." कुठं? "आतमंधी." मग मीही हात ठेवते. सांगते, माय, धकधक होते. "धकधक तं कोंबडीलेही असते, पोट्टे. तिच्या मांगं जे गप बसून हाये, ते पाह्य." मी पाहते, पाहते, आणि मला आत फक्त भूक सापडते. नाई वं माय, काईच नाई. तू म्हणायचीस, राहू दे, भाकर खाय. तू कधी रागावली नाहीस त्यावरून, हे मात्र कबूल करायला हवं.

गावाला तुझ्या ह्या हाताचं काही माहीत नव्हतं. गावाला तुझ्या अंगातलं वारं माहीत होतं. आपल्या घरात देवीचं ठाणं, आजीच्या अंगात देवीचं वारं यायचं, आणि आजी गेल्यावर ते सुनेकडं आलं, म्हणजे तुझ्याकडं. दर मंगळवारी दुपारी जेवणं उरकली, की तू केस मोकळे सोडून, कपाळभर कुंकू माखून पाटावर बसायचीस. आत्या, बाबांची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी आलेली, ती ऊद जाळायची. तू घुमायला लागायचीस, लोक पाया पडून कौल मागायचे. हरवलेली म्हैस कुठं आहे, पोरगी सासरी नांदेल का, ताप उतरेल का. चार-चार कोसांवरून बैलांच्या बंड्या यायच्या. आणि बाबा! एरवी वांगी-मिरची लावणारा साधा माणूस, पण मंगळवारी धुतलेलं धोतर नेसून दारात उभे राहायचे, पाटलासुद्धा चपला बाहेर काढायला लावायचे. मला तर शाळेतसुद्धा भाव होता. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, वर्गात नवा कोरा नकाशा आला होता, आणि तो गुंडाळून कपाटात ठेवायचा मान मास्तर मलाच द्यायचे. मास्तरांची बायकोही मंगळवारी यायची ना.

मग तो मंगळवार आला. तू घुमत होतीस आणि मधेच थांबलीस. डोळे उघडलेस, पदरानं कपाळ पुसलंस आणि समोर बसलेल्या माणसांना म्हणालीस, "मायबापहो, मले काई येत नाई. मले माफ करा." आत्यानं आणखी ऊद टाकला, खोकून खोकून सगळ्यांचे डोळे लाल झाले, पण तू काही हललीच नाहीस. त्या संध्याकाळी मी तुझ्याशी भांडले, आठवतं? मी म्हटलं, मग इतके दिवस खोटं करत होती का? तू सूप खाली ठेवलंस आणि मला सगळं सांगितलंस, जसं काही मी कोणी मोठी बाई आहे. "बुढी मेली तवा मले रडू फुटलं. आंग हाललं, तं लोकायनं उदो उदो केला. मंग हालतच राह्यली. घरात रडता येत नव्हतं, तिथं येत होतं. खोटं नव्हतं ते, पर देवीचंही नव्हतं." आणि आज? "आज मी घुमून राह्यली, अन् आत कोनीतरी गप बसून पाहून राह्यलं. भाकरीच्या वक्ती असते ना, तोच. त्याले घुमाचं नव्हतं. रागावला नाई, काई नाई. नुसतं पाह्यलं. मले अशी लाज वाटली बाप्पा." मी विचारलं, तो काही बोलला का? "तो बोलत नाई. बोलते ते आपलं मन." इतकी साधी गोष्ट, पण तेरा-चौदा वर्षांच्या मला काय कळणार? मला एवढंच कळलं, की तू आपल्या घरातली देवी घालवलीस.

त्यानंतरही लोक येत राहिले, थोडे थोडे. तू पाटावर न बसता जमिनीवर बसायचीस आणि ज्याला त्याला साधं उत्तर द्यायचीस. म्हैस पोलीस पाटलाले सांगा. पोट्टीले माहेरी घेऊन या. ताप असला की हमखास एकच, दवाखान्यात न्या. असलं ऐकायला कोण बंडी जुंपून येईल? महिन्याभरात अंगण ओस पडलं. बायका विहिरीवर बोलायला लागल्या, की हिनं काहीतरी विटाळ केला म्हणून देवी कोपली. बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. पाणी हवं असलं तरी मला सांगायचे, तुह्या मायले म्हन पानी दे. तू दोन हातांवर बसलेली असायचीस. मंगळवारी ते अजूनही धुतलेलं धोतर नेसायचे आणि दारात उभे राहायचे, आणि कोणी आलं नाही की चार वाजता आत येऊन ते सोडून ठेवायचे. मला ते पाहवायचं नाही. तुझं दुःख मला दिसत नव्हतं माय, खोटं कशाला बोलू, मला फक्त बाबांचं दिसायचं. आणि आत्या माझ्या वेण्या घालताना कानात सांगायची, "वारं घर सोडत नाई. मायचं गेलं, आता लेकीकडं येईन. पाह्य तू." पोरीच्या डोक्यात असलं भरायला किती वेळ लागतो?

आणि मग ते दोघं आले, नवरा-बायको, पलीकडच्या वाडीवरचे. बाईच्या खांद्यावर चार वर्षांची पोरगी, अंगात हिरवं झबलं, मान सुजून खांद्याएवढी झालेली. श्वास घेताना तिचा आवाज यायचा, आणि तो अख्ख्या अंगणात ऐकू यायचा. बाबांना कोण आनंद झाला होता, कितीतरी मंगळवारांनी कोणी आलं होतं. त्यांच्या मागून शेजारपाजारचे आठ-दहा जण जमले. सोनाळ्याच्या बाजारातल्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं, खामगावला न्या, आजच्या आज न्या. यष्टी तीन वाजता फाट्यावरून जायची. त्यांना यष्टीत बसायचंच होतं, फक्त जाण्याआधी कौल हवा होता. पोरीचा बाप हात जोडून म्हणाला, "बाई, नेऊ का? आमच्यात कोनी खामगाव पाह्यलं नाई. देवी हो म्हनली तं जातो." तू पोरीच्या मानेला हात लावलास, आणि मी पाहिलं, तुझा चेहरा उतरला. तू बोलायला तोंड उघडलंस. तू काय म्हणणार ते मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. न्या. आणि ते उठून जाणार, आणि अंगण पुन्हा ओस. मी बाबांकडं पाहिलं. बाबा धोतराचा सोगा हातात धरून जमिनीकडं पाहत होते.

एक क्षण थांबले मी. त्याचं नंतर सांगते. मग मी वेणीची फीत ओढली, केस मोकळे केले आणि घुमायला लागले. तुझंच पाहून पाहून पाठ झालेलं होतं, मान कुठून फिरवायची, हुंकार कधी द्यायचा. आत्या ओरडली, आली! लेकीकडं आली! ऊद, कुंकू, उदो उदो, सगळं एकदम. मी जड आवाज काढून म्हटलं, "वेस वलांडू नका! दवाखाना नोका करू! पाच मंगळवार अंगारा लावा, पोरगी माही हाये!" माय, ते शब्द मला अजून त्याच आवाजात ऐकू येतात. तू उठलीस आणि माझ्या थोबाडीत मारलीस. जन्मात पहिल्यांदा. आणि त्या माणसाला म्हणालीस, "भाऊ, ही खोटं करून राह्यली. माही लेक हाये, मले मालूम हाये. न्या तिले, यष्टी येईन आता." पण तुझं कोण ऐकणार होतं? तूच तर इतके दिवस सगळ्यांना सांगत होतीस, की माझ्याकडं देवी नाही. तुझ्या खरेपणानं तुझ्याच शब्दाची किंमत घालवली होती. आणि वर तू देवीवर हात उचललास. बायका कानांवर हात ठेवून मागे सरकल्या. बाबांनी तुला दंडाला धरून चुलीच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. तू आतून दार बडवत होतीस, "न्या हो तिले, अवं माय, तुह्या लेकराले ने वं!" मी घुमत होते, आता थांबायचं कसं तेच मला कळत नव्हतं. फाट्यावर यष्टीचा हॉर्न वाजला. आत्या पोरीच्या सुजलेल्या मानेला अंगारा लावत होती. ती बाई माझ्या पाया पडली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी बाई, तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मी ठेवू दिलं.

पोरगी गुरुवारी गेली. निरोप घेऊन वाडीवरचा माणूस आला तेव्हा तू भाकरी करत होतीस. मी उंबऱ्यात उभी होते. मला वाटलं आता तू मला जाळात लोटशील, आणि खरं सांगते, लोटलं असतंस तर बरं झालं असतं. तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली, एवढंच. गावात मात्र सांगून झालं होतं. देवी लेकीच्या मुखानं बोलत होती, मायनं तिच्या तोंडात मारली, म्हणून देवीनं पोरगी नेली. सगळा दोष तुझ्यावर आला. तुला एक शब्द बोलायचा होता, की हिला विचारा, हिच्या शाळेच्या फितीची शपथ घालून विचारा. मी त्याच दिवशी कबूल केलं असतं, इतकी घाबरले होते. पण तू बोललीस तर लोक माझं काय करतील हे तुला ठाऊक होतं. त्या पोरीची माय विहिरीवर भेटली तेव्हा ती तुला म्हणाली, "तुह्या हातानं मेली माही पोरगी." तू म्हणालीस, "हाव बाई." मी मागे घागर घेऊन उभी होते. तू हाव म्हणालीस! त्यानंतर तू विहिरीवर गेलीस की बाकीच्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या राहायच्या, तुझं होईपर्यंत. तू मेलीस त्या सालापर्यंत ते चाललं. हळदीकुंकवाला तुला बोलावणं नाही, बारशाला नाही. माझं वारं मात्र मी पुन्हा आणलं नाही. आत्यानं पुष्कळ ऊद जाळला, मी दात आवळून बसले, मग तिनंही नाद सोडला, आणि बाबांनी धुतलेलं धोतर नेसणं सोडलं.

तू मला एकदाच विचारलंस. पंधरवडा झाला असेल. सकाळची वेळ, पहिली भाकर आराला लावलेली, तुझा हात छातीवर. तू माझ्याकडं न पाहता म्हणालीस, "त्या दिवशी घुमाच्या आंधी, तुले आत काई जानवलं का? खरं सांग. मी मारत नाई." तुझा आवाज असा होता, की तू मला रागवायला नाही, तुझ्यासाठी विचारते आहेस. ते मला आता कळतं. तेव्हा मला फक्त भीती वाटली. मी म्हटलं, नाई. काईच नाई जानवलं मले. भाकर फुगली, तू ती काढली नाहीस. मग म्हणालीस, "मंग तुहा काय दोष? ज्याले जानवलंच नाई, त्याले काय म्हनाव." आणि मला जवळ घेतलंस, पिठाच्या हातानं. मी रडले, तू माझे डोळे पुसलेस. माफी म्हणतात ती तीच. दुसऱ्या दिवशी तू पहिली भाकर आराला लावलीस आणि दोन्ही हातांनी दुसरी थापायला घेतलीस. हात छातीवर गेला नाही. त्यानंतर कधीच गेला नाही. मी रोज पाहायचे. मला वाटायचं, विसरली असेल, दुःखात आहे, येईल परत. मी मोठी झाले, नर्सिंगला गेले, आणि मग एका रात्री नव्हे, भर दिवसा, वॉर्डात इंजेक्शनच्या सुया उकळत असताना मला कळलं. तुला वाटलं होतं, जो सगळ्यांच्या आत असतो तो तुझ्या पोटच्या पोरीत नाही. आणि तिच्यात नाही, तर तुझ्यातलाही बहुतेक तुझ्या मनाचाच खेळ होता. त्या एका खोट्या 'नाई'नं मी तुझ्याजवळचं ते एकुलतं एक काढून घेतलं. लोकांनी पाण्यावरून दूर उभं राहून तुझं जेवढं नेलं नाही, तेवढं मी चुलीपुढे बसून नेलं.

त्याच नर्सिंगच्या पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला एका लेकराचा घसा बॅटरी लावून दाखवला. आत राखाडी पापुद्रा. घटसर्प, असं सांगितलं. मान सुजते, श्वासाला आवाज येतो, वेळेवर आणलं तर बरीच लेकरं वाचतात. वेळेवर आणलं तर. नंतर तीस वर्षं मी गावोगाव लस टोचत हिंडले, त्या वाडीवरही गेले. लोक म्हणायचे, नर्सबाई लय मायाळू. कसली मायाळू! तुला सांगते, मी एकाही आईच्या डोळ्यांत बघून सुई टोचली नाही. आणि तू गेलीस तेव्हा मी तुझ्या उशाशी होते. छातीत पाणी झालं होतं तुझ्या. मी नर्स, मला माहीत होतं किती वेळ उरला आहे ते. मी तुझ्या छातीवर हात ठेवला आणि कानाशी विचारलं, माय, हाये का वं आतमंधी? तू डोळे उघडलेस, माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "कोन?" इतकंच. त्यानंतर दीड तासानं संपलीस. तेव्हा सांगायला हवं होतं मी. तोंडापर्यंत आलं होतं. पण मला वाटलं, आता कशाला, जाताना हिला त्रास. त्रास कोणाला होणार होता ते मला चांगलं माहीत होतं.

सुनेची यायची वेळ झाली. ती आल्यावर विचारेल, आई, काय लिहिता, आणि मी म्हणेन, वाण्याची यादी. ही पानं मी फाडून चुलीत घातली असती, पण घरात चूल नाही, तेव्हा वहीतच राहतील. पण ते राहिलेलं सांगते, तुझ्याच बोलीत सांगते, म्हणजे तुले कळन. त्या दिवशी, फीत ओढाच्या आंधी, मी एक घडी थांबली होती. माहा हात छातीवर नव्हता, तरी. ऊद होता, पोरीचा घोरका आवाज होता, बाबा खाली पाहून राह्यले होते, अन् त्या समद्याच्या मांगं, माह्या आत, कोनीतरी गप बसून होतं. बोललं नाई. थांब म्हनलं नाई. नुसतं पाहून राह्यलं होतं, तू सांगतलं होतं तसंच. मले चांगलं जानवलं होतं, माय. जानवलं होतं, अन् तरी मी घुमली.